श्रीगोंद्याच्या बूथवरून लोकसभेचा निकाल वाचताना : अहमदनगर आणि शिर्डी, १९५७ ते २०२४

लोकसभेचा निकाल लागून बरेच दिवस झाले, तरी आमच्याकडे येणारे तरुण एक प्रश्न हमखास विचारतात : आपल्या मतांचं नेमकं काय झालं? कुणी म्हणतं, आपल्यामुळेच लंके निवडून आले. कुणी म्हणतं, वंचितने मतं खाल्ली. काहींच्या मते आपण कुणालाही मत दिलं तरी फरक पडत नाही, सगळा खेळ साखर कारखान्यांचा आहे. तिन्ही विधानं चहाच्या टपरीवर खपून जातात, पण आकडे समोर ठेवले की तिन्ही अर्धवट निघतात. म्हणून श्रीगोंदा तालुका मध्यभागी ठेवून अहमदनगर आणि शिर्डी या दोन मतदारसंघांची माहिती इथे एकत्र देत आहोत. कार्यकर्त्यांनी ती जवळ ठेवावी. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत लागेल.

आधी भूगोल

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी लोकसभेच्या मतदारसंघाचं अधिकृत नाव अहमदनगर हेच आहे. क्रमांक ३७. त्यात सहा विधानसभा मतदारसंघ येतात : शेवगाव, राहुरी, पारनेर, अहमदनगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड. जिल्ह्याचा उत्तर भाग म्हणजे अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासा हे सहा मतदारसंघ मिळून शिर्डी लोकसभा मतदारसंघ होतो. त्याचा क्रमांक ३८ असून तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००८ च्या पुनर्रचनेत जुना कोपरगाव मतदारसंघ गेला आणि शिर्डी आला.

नव्या कार्यकर्त्यांची इथे नेहमी गल्लत होते. श्रीगोंद्यातला माणूस शिर्डीच्या उमेदवाराबद्दल तावातावाने बोलतो, पण तो तिथला मतदारच नसतो. आमच्या तालुक्याचा मतदार खुल्या जागेवर मत देतो, जिथे बौद्ध उमेदवार मोठ्या पक्षाकडून उभा राहण्याचा प्रश्नच आजवर आलेला नाही. उत्तरेतला मतदार राखीव जागेवर मत देतो, जिथे निवडून येणारा अनुसूचित जातीचाच असतो, मात्र त्याचा निकाल इतर समाजांच्या मतांवर ठरतो. एकाच जिल्ह्यात आपल्या समाजाला दोन वेगवेगळ्या प्रकारचं राजकारण करावं लागतं. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार आणि त्यात अनुसूचित जाती सुमारे साडेबारा टक्के. ही मतं एका ठिकाणी नाहीत. गावोगावी पंचवीस, चाळीस, शंभर घरांच्या वस्त्यांत ती विखुरलेली आहेत. हा विखुरलेपणा पुढे पुन्हा येईल.

श्रीगोंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. कुकडीचा कालवा, घोडचं पाणी, ऊस, कांदा, लिंबू, काष्टीचा जनावरांचा बाजार आणि दोन-तीन कारखान्यांभोवती फिरणारं राजकारण, अशी बाहेर या तालुक्याची ओळख. गावाचं जुनं नाव मात्र चांभारगोंदे. गोविंद नावाच्या चांभार संतावरून ते पडल्याचं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. शेख महंमद महाराजांचं गाव म्हणूनही लोक ते ओळखतात. गावाच्या नावातला चांभार कधी गळाला आणि ‘श्री’ कधी लागला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढ्यासाठीच सांगितलं की या तालुक्यात आपण कालपरवा आलेलो नाही.

२०२४ चा निकाल

दोन्ही मतदारसंघांत १३ मे २०२४ रोजी, म्हणजे चौथ्या टप्प्यात मतदान झालं. मतमोजणी ४ जूनला झाली. अहमदनगरमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे नीलेश लंके यांना ६,२४,७९७ मतं मिळाली आणि भाजपचे डॉ. सुजय विखे पाटील यांना ५,९५,८६८. फरक २८,९२९ मतांचा. वंचित बहुजन आघाडीचे दिलीप खेडकर यांना १३,७४९ मतं मिळाली.

विधानसभानिहाय पाहिलं तर पारनेर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेडमध्ये लंके पुढे होते, तर नगर शहर, राहुरी आणि शेवगावमध्ये विखे. पारनेर हे लंकेंचं घर, तिथली मोठी आघाडी अपेक्षितच होती. लक्षात ठेवण्यासारखा आकडा श्रीगोंद्याचा आहे. इथे लंकेंना तीस हजारांहून अधिक मतांची आघाडी मिळाली, म्हणजे संपूर्ण मतदारसंघातल्या त्यांच्या विजयाच्या फरकापेक्षा जास्त. श्रीगोंद्यात दोघांना सारखी मतं पडली असती, तर खासदार दुसरा असता. तालुक्याचे आमदार त्या वेळी भाजपचे बबनराव पाचपुते होते, तरीही हे घडलं.

याचं श्रेय एकट्या बौद्ध मतांना देणं चुकीचं ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, मतदानाला नऊ दिवस उरले असताना. तोपर्यंत ज्याचा कांदा मातीमोल गेला तो गेलाच होता. दुधाच्या दराचा राग होता. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा परिणाम होता. विखे घराण्याविरुद्ध ‘सामान्य घरातला पोरगा’ ही मांडणी होती. लंकेंना इंग्रजी येत नाही यावरून झालेली टीकाही गावागावांत उलटली. निवडून आल्यावर लंकेंनी लोकसभेत शपथ इंग्रजीतच घेतली, हे वाचकांना आठवत असेल.

आणि संविधानाचा मुद्दा होता. ‘चारसौ पार’ची घोषणा आणि मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातील भाजप खासदार अनंतकुमार हेगडे यांनी घटनादुरुस्तीसाठी तेवढ्या जागा हव्यात असं केलेलं विधान, या दोन गोष्टी आमच्या वस्त्यांत कुठल्याही सभेपेक्षा लवकर पोहोचल्या. भाजपने त्या विधानापासून स्वतःला दूर ठेवलं, हेगडेंना तिकीटही दिलं नाही, पण वस्तीत व्हायचं ते झालं होतं. आम्ही मे महिन्याच्या उन्हात चिठ्ठ्या वाटत फिरत होतो, तेव्हा ज्या म्हाताऱ्या बाया एरवी ‘पाणी कधी येणार ते सांग’ म्हणून आम्हाला उभं करतात, त्या विचारत होत्या, ‘बाबांची घटना खरंच बदलणार का रं?’ हे कोणत्या पक्षाने शिकवलं म्हणून विचारलं जात नव्हतं. राज्यातल्या पाचही अनुसूचित जाती राखीव जागा (रामटेक, अमरावती, लातूर, सोलापूर आणि शिर्डी) महाविकास आघाडीकडे गेल्या, त्यामागे ही भीती नक्कीच होती. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला मिळाली.

तुतारीचा घोळ

नगरच्या निकालात तिसऱ्या क्रमांकावर कोण होतं, असं विचारलं तर बहुतेक तरुण ‘वंचित’ म्हणतात. तसं नाही. तिसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष होता आणि त्याला ४४ हजारांवर मतं मिळाली. त्याचं चिन्ह होतं तुतारी. लंकेंचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. मतदान यंत्रावर दोन्ही लहान आकारात दिसतात आणि प्रचारात सगळीकडे ‘तुतारीसमोरचं बटण दाबा’ एवढंच सांगितलं जात होतं. साताऱ्यातही हाच प्रकार घडला. तिथे तशाच चिन्हावरच्या अपक्षाला मिळालेली मतं राष्ट्रवादीच्या (शरदचंद्र पवार) पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती.

आमच्यासाठी यात शिकण्याची गोष्ट आहे. ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याची नजर कमी झाली आहे असा मतदार वस्तीत जास्त आहे. आपण प्रबोधन करतो, संविधानाची प्रास्ताविका पाठ करून घेतो, पण यंत्राचा नमुना हातात घेऊन ‘हे चित्र असं दिसेल’ हे किती घरांत दाखवलं? आम्हीही दाखवलं नव्हतं. मतदानानंतर एका आजीने आम्हाला अभिमानाने सांगितलं की तुतारीला मत दिलं. कोणत्या, ते विचारण्याचं धाडस झालं नाही.

मागचे निकाल

२००९ मध्ये भाजपचे दिलीप गांधी यांना ३,१२,०४७ मतं मिळाली आणि राष्ट्रवादीचे शिवाजी कर्डिले यांना २,६५,३१६. फरक ४६,७३१. राजीव राजळे यांची अपक्ष उमेदवारी राष्ट्रवादीला भोवली. २०१४ मध्ये तेच राजळे राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि गांधी २,०९,१२२ मतांनी जिंकले. २०१९ मध्ये सुजय विखे काँग्रेसच्या घरातून भाजपमध्ये आले, ७,०४,६६० मतं घेतली आणि राष्ट्रवादीचे संग्राम जगताप यांचा २,८१,४७४ मतांनी पराभव केला. त्या वेळी वंचितचे सुधाकर आव्हाड यांना ३१,८०७ मतं होती.

म्हणजे २०१९ मध्ये जवळपास पावणेतीन लाखांनी जिंकलेला उमेदवार पाच वर्षांत २९ हजारांनी हरला. ‘नगर ही अमक्याची जहागीर’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. आणि वंचितची मतं त्याच काळात ३१ हजारांवरून पावणेचौदा हजारांवर आली. खुल्या जागेवर समाजाने २०२४ मध्ये कोणती बाजू घेतली, याचा अंदाज यातून येतो. नेमका आकडा कुणीच सांगू शकत नाही, कारण मतपेटीत जात लिहिलेली नसते.

शिर्डी : राखीव जागेचं गणित

आता उत्तरेकडे. २००९ ची शिर्डीची निवडणूक आंबेडकरी चळवळीतल्या तिशी-पस्तिशीच्या पिढीने विसरू नये. रामदास आठवले काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पाठिंब्यावर उभे होते. सहकाराचा, काँग्रेसचा बालेकिल्ला, राखीव जागा, राज्यभर ओळखला जाणारा नेता. शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे यांना ३,५९,९२१ मतं मिळाली आणि आठवलेंना २,२७,१७०. पराभव १,३२,७५१ मतांचा. मित्रपक्षांनी काम केलं नाही, असा उघड आरोप रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी केला. पुढे आठवले शिवसेना-भाजपसोबत गेले, त्याची मुळं बऱ्याच अंशी शिर्डीत आहेत. त्यांच्या त्या निर्णयाशी आम्ही सहमत नव्हतो आणि नाही. पण पाठिंबा जाहीर होणं आणि मत पडणं यांत किती अंतर असतं, ते त्या निकालाने दाखवलं.

२०१४ मध्ये वाकचौरे काँग्रेसमध्ये गेले आणि शिवसेनेचे सदाशिव लोखंडे यांच्याकडून १,९९,९२२ मतांनी हरले. २०१९ मध्ये लोखंडे यांनी काँग्रेसचे भाऊसाहेब कांबळे यांना १,२०,१९५ मतांनी हरवलं. वंचितचे संजय सुखदान यांना ६३,२८७ मतं होती. २०२४ मध्ये वाकचौरे पुन्हा शिवसेनेत, आता ठाकरे गटात. त्यांना ४,७६,९०० मतं, शिंदे गटाचे लोखंडे यांना ४,२६,३७१. फरक ५०,५२९.

आणि वंचितच्या उत्कर्षा रूपवते यांना ९०,९२९ मतं.

या आकड्यावर थांबायला हवं. २०१९ मध्ये वंचितला राज्यात सात टक्क्यांच्या जवळपास मतं होती. २०२४ मध्ये ती तीन टक्क्यांच्या आत आली. शेजारच्या नगरमध्ये निम्म्याहून कमी झाली. शिर्डीत मात्र ती २७,६४२ ने वाढली. का? आमच्या समजुतीनुसार तीन कारणं होती. एक, उमेदवार. दादासाहेब रूपवते यांची नात, महिला, राज्य महिला आयोगावर काम केलेली, काँग्रेसने उमेदवारी न दिल्याने बाहेर पडलेली. दोन, समोरचे दोन्ही उमेदवार माजी किंवा विद्यमान खासदार आणि दोघांच्याही कारकिर्दीला लोक कंटाळलेले. तीन, इथे राखीव जागा होती, म्हणजे कुणीही निवडून आलं तरी तो ‘आपलाच’ असणार होता. मग संविधान वाचवण्याची भीती बाजूला ठेवून पसंतीच्या माणसाला मत देण्याची मोकळीक इथल्या मतदाराला थोडी जास्त होती. तिसऱ्या कारणाबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. काही सहकारी म्हणतात, हे फार पुस्तकी आहे, लोकांनी रूपवते या नावाला मत दिलं, बस.

काहीही असलं तरी ९० हजार मतांनी अनामत वाचली नाही. अनामत राखायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात. शिर्डीत ती पावणेदोन लाखांच्या आसपास जातात.

‘मतं खाल्ली’ या आरोपाचं काय

नगर जिल्ह्यात हा आरोप टिकत नाही. दोन्ही जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. शिर्डीत वंचितची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असूनही आघाडीचाच उमेदवार आला. राज्यात मात्र चार जागांवर वंचितची मतं आघाडीच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती : बुलढाणा (फरक २९,४७९, वंचित ९८,४४१), हातकणंगले (१३,४२६ आणि ३२,६९६), मुंबई वायव्य (फरक फक्त ४८ आणि वंचित १०,०५२) आणि अकोला. अकोल्यात बाळासाहेब आंबेडकर स्वतः उभे होते आणि त्यांना २,७६,७४७ मतं होती. भाजपचे अनुप धोत्रे तिथे काँग्रेसच्या अभय पाटलांविरुद्ध ४०,६२६ मतांनी जिंकले. पावणेतीन लाख मतं घेणाऱ्याने ‘मतं खाल्ली’ म्हणायचं की त्याच्यासमोर उमेदवार देणाऱ्याने, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून आहे. आम्हाला एवढंच म्हणायचं आहे की वंचितचं प्रत्येक मत नाहीतर आघाडीला गेलं असतं, हे गृहीत धरूनच हा आरोप उभा राहतो. तसं गृहीत धरायला आधार नाही. आणि दुसऱ्या बाजूने, जागावाटपाची बोलणी फिसकटल्याची सगळी जबाबदारी एकाच पक्षावर टाकणंही प्रामाणिकपणाचं नाही.

१९५७ : जे विसरलं गेलं

आजच्या शिर्डीचा बराचसा भाग पूर्वी कोपरगाव मतदारसंघात होता. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत कोपरगावमधून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बापूसाहेब चंद्रसेन कांबळे, म्हणजे बॅरिस्टरांच्या पिढीतले बी. सी. कांबळे, निवडून आले. त्याच वेळी शेजारच्या नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आले. धम्मदीक्षेला जेमतेम पाच महिने झाले होते, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तीन. खुद्द बाबासाहेब १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पराभूत झाले होते, आणि त्यांच्या पश्चात फेडरेशनची माणसं संसदेत जात होती.

हे घडलं ते संयुक्त महाराष्ट्र समितीमुळे. समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र होते आणि मतं खरोखर एकमेकांकडे वळली. २००९ ला शिर्डीत जे झालं नाही ते १९५७ ला त्याच पट्ट्यात झालं होतं. फरक कशाचा होता? आमचं उत्तर असं : समितीत फेडरेशन हा लढ्यातला भागीदार होता, एका जागेपुरता पाहुणा नव्हता. भाषावार प्रांताच्या चळवळीत त्याच गावांतली माणसं एकत्र तुरुंगात गेली होती. निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी व्यासपीठावर हात उंचावल्याने ते होत नाही.

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याची शकलं झाली, हा इतिहास वाचकांना पाठ आहे. एक तपशील मात्र तरुणांना सहसा माहीत नसतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. मधल्या काळात धर्मांतर नोंदवलेल्या बौद्धाला लोकसभेची राखीव जागा लढवण्याचा मार्ग बंद होता. कागदावर धर्म लिहिताना आपल्या आधीच्या पिढीने जी चालढकल केली, तिच्यामागे हे कारणही होतं. त्यांना सरसकट दोष देण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

बूथ सगळं सांगतो

हा लेख लिहिण्याचं खरं कारण इथे आहे.

निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे नमुना २० मध्ये जाहीर करतो. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं, सगळं त्यात असतं. मतदार यादी घरांच्या क्रमाने असते, त्यामुळे वस्ती बहुतेक वेळा यादीच्या एकाच भागात सलग येते. गाव मोठं असेल आणि दोन-तीन केंद्रं असतील, तर वस्तीने कुणाला मत दिलं हे गावच्या पुढाऱ्याला निकालाच्या दुसऱ्या दिवशी कळतं. व्यक्तीचं मत गुप्त राहतं, पण वस्तीचं राहत नाही.

मतपत्रिकेच्या काळात निवडणूक संचालन नियमांतल्या ५९ अ या नियमानुसार, मतदारांवर दबावाची भीती असेल तिथे मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत असत. यंत्र आलं आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने तो मान्य केला नाही. बूथनिहाय आकडे पक्षांना हवे असतात, हे त्यामागचं उघड गुपित आहे. ज्याच्याकडे सत्ता, त्याला कोणती वस्ती विरोधात गेली हे कळायलाच हवं असतं.

याचा अर्थ गावात काय होतो? २०२४ च्या जूनमध्ये आमच्या ओळखीच्या एका गावात निकालानंतर आठवड्याभरात वस्तीकडे येणारं टँकरचं पाणी ‘आज नाही, उद्या’ होऊ लागलं. कुणी धमकी दिली नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त एकाने पारावर बसून मोठ्याने आकडा वाचून दाखवला : तुमच्या बूथवर आम्हाला इतकी. वस्तीतल्या लोकांना बाकी काही सांगण्याची गरज पडली नाही. गायरानावरची घरं, रोजगार हमीची कामं, उसाच्या फडावरची मजुरी, हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्यांनी आकडा वाचला की पुरे होतं. तक्रार कशाची करणार? टँकर उशिरा येणं हा ॲट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही.

हा जिल्हा सोनई आणि खर्ड्याचा आहे, हे विसरून निकाल वाचता येत नाही. खर्डा याच मतदारसंघात, जामखेड तालुक्यात आहे. तिथल्या सतरा वर्षांच्या मुलाचा खून २८ एप्रिल २०१४ ला झाला, लोकसभेच्या त्याच निवडणुकीच्या धामधुमीत. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तेव्हापासून नगरमध्ये दोन लोकसभा निवडणुकांचे निकाल लागले, आणि त्यांपैकी एकाही प्रचारात फितूर साक्षीदारांबद्दल, त्यांच्या संरक्षणाबद्दल कुणा मोठ्या उमेदवाराने भाषण केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

सहा महिन्यांत उलटं

लोकसभेचा निकाल कायमचा कौल नसतो, हे नोव्हेंबर २०२४ ला दिसलं. विधानसभेत जिल्ह्यातल्या बारा जागांपैकी दहा महायुतीने जिंकल्या. महाविकास आघाडीकडे दोनच राहिल्या : कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार (१,२४३ मतांनी) आणि राखीव श्रीरामपूरमध्ये काँग्रेसचे हेमंत ओगले. ज्या श्रीगोंद्याने लंकेंना खासदार केलं, तिथे भाजपचे विक्रम पाचपुते यांनी अपक्ष राहुल जगताप यांचा ३७,१५६ मतांनी पराभव केला. आघाडीच्या अधिकृत उमेदवार अनुराधा नागवडे तिसऱ्या राहिल्या. लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात आले होते, आघाडीत बंडखोरी होती, आणि संविधानाची भीती विधानसभेत तेवढी उरली नव्हती. आमच्याच वस्त्यांत ज्या बाया मे महिन्यात घटनेबद्दल विचारत होत्या, त्या नोव्हेंबरमध्ये आधार लिंक झालं का ते विचारत होत्या. त्यांना ‘विकल्या गेल्या’ म्हणणारे आपल्यातही भेटले. दीड हजार रुपयांत महिन्याचा किराणा भरणाऱ्या बाईला असं म्हणण्याआधी त्या माणसाने तिच्या घरचा डबा उघडून पाहावा.

कार्यकर्त्यांसाठी कामाच्या गोष्टी

आपल्या केंद्राचे आकडे मिळवायचे असतील तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना २० असतो. लोकसभेसाठी तो विधानसभा मतदारसंघानिहाय लावलेला असतो, श्रीगोंद्याचा क्रमांक २२६. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी केंद्राध्यक्ष उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना १७ सी ची प्रत देतो. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते असतं. ती मागून घ्यायची, फोटो काढून ठेवायचा. मोजणीच्या दिवशीचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. अशी प्रत घेणारा पोलिंग एजंट आपल्या वस्तीतला असावा यासाठी कुठल्याही पक्षाशी बोलायला हरकत नाही. हरलेल्यांनाही तपासणीचा मार्ग आहे : सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांच्या पडताळणीची मागणी करता येते. नगरमधून सुजय विखे यांनी ४० केंद्रांसाठी तसा अर्ज केला होता. जो अधिकार मोठ्या घरातल्या उमेदवाराने वापरला, तो आपल्यालाही माहीत असावा.

नाव नोंदवण्यासाठी नमुना ६. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींनी पुढच्या जानेवारीची वाट पाहण्याचं कारण नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-चाकणला कामाला गेलेल्यांची नावं कधी कधी ‘स्थलांतरित’ म्हणून कमी होतात. यादीची तपासणी चालू असताना घराला कुलूप असेल तर शेजाऱ्याने सांगितलेलं लिहिलं जातं, म्हणून अशा घरांची यादी आपल्याकडे तयार पाहिजे. आम्ही आमच्या भागातल्या वस्त्यांसाठी एक साधी वही केली आहे : घर क्रमांक, मतदारांची नावं, कोण बाहेरगावी आणि कधी परतणार. आंबेडकर जयंतीच्या वर्गणीची पावती फाडायला जाताना ही वही सोबत नेतो. दोन्ही कामं एकाच फेरीत होतात आणि पहिल्याच वर्षी वस्तीतल्या अशा काही माणसांची नावं यादीत नसल्याचं सापडलं, जी दर निवडणुकीत आपण मत दिल्याचं सांगत आली होती.